पार्टिशनवर मांडलेले डबे

मासळीची टोपली कितीही धुवा, चार खवले चिकटून राहतातच. ऑफिसच्या किश्शांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढला की अंगाला चिकटलेले सापडतात. माझ्याकडे दोन महिन्यांत इतके साठलेत की आता सांगून टाकतो, नाहीतर मलाच खाज सुटेल. माझं शिक्षण नववीपर्यंत, आणि नववीचाही शेवटचा पेपर अर्धा टाकून मी होडीवर गेलो होतो. तेव्हा लिहिण्यात उन्नीस-बीस झालं तर समजून घ्या.

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे गाळे, त्यांची घरघर दिवसभर चालू. वर आम्ही अठरा जण. लोकांच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन असतं ना, ते बिघडलं की फोन आमच्याकडे येतो. आम्ही तक्रार लिहून घेतो आणि मेकॅनिक पाठवतो. अठरा जणांना अठरा क्युबिकल. समुद्राकाठच्या आमच्या चौक गावात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा याहून ऐसपैस असतं. मध्ये पार्टिशन इतकं उंच की शेजारच्याचं फक्त डोकं दिसतं, तेही माणूस उंच असला तर.

त्यातलं अकरा नंबरचं क्युबिकल माझ्या ताईचं. ज्योती. सहा वर्षं ती तिथे बसली. यंदाचा पावसाळा संपता संपता तापाने आजारी पडली आणि नवव्या दिवशी गेली. एकोणतीस वर्षांची होती. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे परत परत सांगावं लागणार नाही.

तिची एक गोष्ट मात्र राहून गेली होती. ऑफिसात सगळे आपापल्या खुराड्यात, कानाला हेडफोन लावून, पाळीपाळीने डबा खायचे. ताई वर्षभर मॅडमच्या मागे लागली होती की अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसून जेवू. मॅडम म्हणायच्या, बघू. बघता बघता ताईच गेली. मी ठरवलं, हे मी करणारच. बाकी आयुष्यात काय करायचं ते मला अजून माहीत नाही, पण हे करणार.

*

मी तिथे लागलो कसा, तो किस्सा आधी.

तेरावं झाल्यावर हेतल मॅडमचा फोन आला. हेतल मॅडम म्हणजे आमच्या मजल्याच्या मुख्य. म्हणाल्या, ज्योतीच्या ड्रॉवरमधलं सामान घेऊन जा. मी कापडी पिशवी घेऊन गेलो. ड्रॉवरमध्ये एक कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, एसीसाठी ठेवलेली शाल आणि अर्धा पुडा खारी. एवढंच. सहा वर्षांचं सामान एका पिशवीच्या तळाशी मावलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. आजूबाजूचे सगळे आपापल्या कॉलवर. तीनदा वाजला, चारदा वाजला. मला वाजणारा फोन बघवत नाही. उचलला.

पलीकडे एक बाई तावातावाने बोलत होत्या. पाण्याला वास येतोय, तीन दिवस झाले, तुमचा माणूस येत नाही, आम्ही प्यायचं काय. मी म्हटलं, मावशी, आधी ते मशीन बंद करा. घरात माठ आहे का? आहे ना? मग वाण्याकडून तुरटी आणा, पाण्यात फिरवा, पाणी निवळलं की गाळून उकळा आणि गार करून प्या. मशीनचं आम्ही बघतो.

फोन ठेवून वळलो तर मागे हेतल मॅडम उभ्या. मला वाटलं, आता पिशवीसकट बाहेर. मी पिशवी उचलून दारापर्यंत पोचलो, तर फोन परत वाजला. या वेळी मॅडमनी उचलला. त्याच बाई होत्या. त्यांना मघाचा मुलगा हवा होता, तुरटी किती वेळ फिरवायची ते विचारायचं राहिलं होतं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"पिशवी ठेव," त्या म्हणाल्या. "बेस."

तेव्हापासून बसलोय.

*

माझ्या एका बाजूला दहा नंबरला परब काका. वय अठ्ठावन्न. सगळा जन्म परळच्या चाळीत गेला, मग मुलाने मीरा रोडला फ्लॅट घेतला म्हणून इकडे आले. प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या परळला" अशी. दुसऱ्या बाजूला बारा नंबरला श्वेता, वय बावीस, बोलणं फक्त कस्टमरशी. समोर इरफानभाई. मेकॅनिक लोकांना कुठे पाठवायचं ते तो बघतो.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. माझा कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागत होता. मी आपला बसून बोटांनी पार्टिशनवर ताल धरला. होडीच्या कडेवर धरतो तसा. टक. टकटक. टकटकटक.

काय व्हावं? अर्धं ऑफिस हातात कप घेऊन उभं राहिलं! कोपऱ्यातल्या दोघांनी मोबाईल मांडीखाली सरकवले. आणि परब काका पाण्याची बाटली घेऊन धावत माझ्यापाशी आले.

मला काही कळेना. मग कळलं, की ही ताईची भाषा. तिनेच काढलेली. पार्टिशनवर एकदा वाजवलं म्हणजे चहा आला. दोनदा म्हणजे मॅडम येताहेत, मोबाईल लपवा. तीनदा म्हणजे कस्टमर फार तापलाय, मला पाणी द्या. मी एका दमात तिन्ही निरोप दिले होते.

सगळे माझ्याकडे बघत उभे होते. अकरा नंबरमधून महिन्याभरात आवाज आला नव्हता. श्वेताने तर कप खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, आपण जाऊन खाली रस्त्यावर उभं राहावं.

परब काका बाटली हातात घेऊन तसेच उभे. मग म्हणाले, "वाजवलंस ते वाजवलंस. आता चहा तरी मागव."

*

तिसऱ्या दिवशी मी थेट मॅडमच्या काचेच्या केबिनमध्ये गेलो. दार वाजवायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हटलं, ताईचं ते जेवणाचं राहिलंय, तेवढं करू या.

हेतल मॅडम मराठी छान बोलतात, पण चिडल्या की मध्ये गुजराती घुसते. म्हणाल्या, "एक महिना देते. पण एक फोन पण वाजत राहिला ने, तर बंद. पछी कोणी विचारायचं नाही."

मी पळत बाहेर आलो आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं. तेव्हा कॉलवर असलेल्या सहा जणांच्या कस्टमरनाही ते कळलं.

पण टेबल कुठे होतं? अठरा जण बसतील असं काहीच नव्हतं. जेवायची वेळ झाली, सगळे डबे हातात धरून उभे, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. मला सुचलं ते मी केलं. इरफानभाईकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या व श्वेताच्या मधलं पार्टिशन सोडवलं. चार स्क्रू होते फक्त! सहा वर्षं ताई ज्या भिंतीआड बसली, ती चार स्क्रूंवर उभी होती. मशीनच्या रिकाम्या खोक्यांवर ते आडवं टाकलं, वर वर्तमानपत्रं पसरली. झालं टेबल.

मॅडम केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ही भिंत होती ने?"

"होती," मी म्हटलं.

"जेवल्यावर परत लाव."

तेव्हापासून रोज सव्वा वाजता आम्ही भिंत काढतो आणि पावणेदोनला परत लावतो. आता स्क्रू इतके सैल झालेत की स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. नुसतं बोटाने होतं.

पण त्या पहिल्या दिवशीची खरी मजा पुढेच आहे. जेवायला बसलो. परब काका आणि श्वेता समोरासमोर आले. काका घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू डावखुरी आहेस?"

तीन वर्षं दोघं एका रांगेत बसत होते.

*

मला इंग्रजी येत नाही. स्क्रीनवरचा फॉर्म श्वेताने मला एकेक खण दाखवून शिकवला. इथे नाव, इथे पत्ता, इथे मशीनचा नंबर. शेवटी एक मोठा खण होता. मी विचारलं, इथे काय? ती म्हणाली, मेकॅनिकला जे माहीत असायला हवं ते. इथे मराठीत लिहिलंस तरी चालतं.

मराठीत चालतं म्हटल्यावर मी सुटलोच! एका बाईने तक्रार सांगताना घरचं बरंच काही सांगितलं होतं. मेकॅनिकला त्रास नको म्हणून मी लिहिलं: "घरात कुत्रा आहे. तो काही करत नाही. सासऱ्यांपासून जपून."

त्या खणातला मजकूर मेकॅनिकला जातो, तसाच तो कस्टमरच्या मोबाईलवरही जातो, हे श्वेता सांगायला विसरली होती. आणि मोबाईल नंबर सासऱ्यांचा होता.

दुपारी आमचा मेकॅनिक तिथे पोचला. सासऱ्यांनी स्वतः दार उघडलं. म्हणाले, "या. कुत्रा बांधलाय. मी मोकळा आहे."

मेकॅनिकने जिन्यातूनच इरफानभाईला फोन केला. इरफानभाई हसून हसून खुर्चीतून घसरला. मशीन नीट झालं, चहाही मिळाला, आणि जाताना सासऱ्यांनी निरोप दिला, की ज्याने लिहिलं त्याला सांगा, सुनेने हे कुठेतरी सांगितलं ते बरं झालं.

तेव्हापासून जेवताना सगळ्यांनी आपापल्या त्या खणातलं एकेक वाक्य वाचून दाखवायचं, असं ठरलं. तीन वर्षं न बोललेली श्वेता सगळ्यात भारी लिहिते. तिचं एक सांगतो: "मशीन ठीक आहे. कस्टमर एकटे आहेत. सावकाश दुरुस्त करावे."

त्या दिवशी बसमधून घरी जाताना लक्षात आलं, की मी दिवसभर हसत होतो. आणि मग इतकं वाईट वाटलं की दोन स्टॉप आधीच उतरलो आणि चालत घरी गेलो.

*

जेवताना फोन वाजत राहायला नको, त्याची सोय मी आमच्या गावाकडून आणली. बोंबील वाळत घातले की एकाला राखणीला बसवतात, कावळे आणि कुत्री हाकलायला. तशी इथेही रोज एकाची राखण. सगळे फोन एका फोनवर वळवायचे, तो फोन टेबलाच्या टोकाला ठेवायचा, आणि राखणवाल्याने एका हाताने जेवायचं, दुसऱ्या हाताने उचलायचं. तशी त्या वेळेला माणसं स्वतःच जेवत असतात, त्यामुळे फोन कमी.

परब काकांची राखण होती. फोन वाजला तेव्हा त्यांचे दोन्ही हात वालाच्या बिरड्यात. त्यांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडे ठाण्याच्या एक आजी. मशीनमधून आवाज येतो अशी तक्रार सांगता सांगता मध्येच थांबल्या.

"तुमच्याकडे लग्न आहे का हो?"

काका म्हणाले, नाही आजी, आम्ही जेवतोय.

आजी म्हणाल्या, एवढी माणसं? आमच्याकडे दोघंच, आणि तीही टीव्हीसमोर. मग त्यांनी विचारलं, कोणाच्या डब्यात काय काय आहे. आणि खरं सांगतो, अठराच्या अठरा जणांनी आपापला डबा सांगितला! आजी प्रत्येकाला म्हणत होत्या, हां, छान. परब काकांच्या बिरड्यापाशी मात्र अडल्या. कोकम घातलंय की चिंच?

काकांना माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं ते बिरडं खाताहेत.

"घरी विचारा," आजी म्हणाल्या. "मी थांबते."

आणि काकांनी खरंच मोबाईलवरून बायकोला फोन लावला. चिंच होती. आजी म्हणाल्या, वाटलंच मला.

मशीनची तक्रार लिहायची राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी बरोबर सव्वा वाजता फोन वाजला. आम्हाला वाटलं, आता रागावणार.

"आज काय आहे?" आजींनी विचारलं.

*

आता मेलचा किस्सा. आमचं हेड ऑफिस मालाडला. तिथल्या लोकांनाही कुठून तरी कळलं होतं, की क्युबिकलमध्ये माणसं उदास होतात. पण उपाय त्यांनी आपल्या पद्धतीने काढला. मेल आला. दर शुक्रवारी चार वाजता सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहून पाच मिनिटं मोठ्याने हसायचं आणि फोटो पाठवायचा. मेलभर फुग्यांची चित्रं.

श्वेताने मेल वाचून दाखवला तेव्हा सगळे खोखो हसलो. पण ते हसणं दुपारचं होतं, ते धरलं नाही.

शुक्रवारी चार वाजले. हेतल मॅडमनी घड्याळ बघितलं आणि एखाद्याला शिक्षा द्यावी तसं म्हणाल्या, "हसा." सगळे आपापल्या पार्टिशनमागे उभे राहून हा हा हा करायला लागले. मला सांगून हसता येत नाही. मी नुसतं तोंड उघडं ठेवलं.

नेमका तेव्हा इरफानभाई कॉलवर होता. त्या बाईंच्या मशीनचा पाईप सुटला होता आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं होतं. त्यांना मागून सतरा माणसांचं हा हा हा ऐकू येत होतं. त्या भडकल्या. मेरे घर में पानी भरा है और आप लोग हँस रहे हो?

इरफानभाईने एक क्षण आमच्याकडे बघितलं. मग अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, हँसने का मेल आया है. दुख हमारा सच्चा है."

बाईंचा आवाज खाली आला. मग म्हणाल्या, कितनी देर हँसना है? इरफानभाई म्हणाला, दो मिनट और. बाई म्हणाल्या, ठीक है, मैं तब तक पोछा लगाती हूँ.

आम्ही फोटो पाठवला. सोमवारी मालाडहून उत्तर आलं: उत्साह कमी दिसतो.

*

हा किस्सा मी सांगणार नव्हतो, पण आता ओघात आलाय तर सांगतो.

एकत्र जेवण इतकं रंगायला लागलं, की एक दिवस मी डोकं न वापरता सुकटीची चटणी नेली. थोडीथोडकी नाही, अठरा जणांना पुरेल एवढी. डबा उघडला आणि एसीने तो वास उचलून मजलाभर वाटला. इरफानभाई म्हणाला, "भाई, बोट कहाँ लगाई?" सगळे हसले, पण हेतल मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. हातात वासाचा स्प्रे. त्यांनी दोन फवारे मारले. मग असा वास सुटला, की जणू होडीत कोणी अगरबत्ती लावली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सुकट. आमच्या घरची. ताई आणायचीच की.

मॅडम म्हणाल्या, "ज्योती? ना रे. ती सहा वर्षं रोज बटाट्याची भाजी. मी बोलायची तिला, तू तर आमच्यासारखी."

मी पहाटेच होडीवर जायचो, तिचा डबा कधी बघितलाच नव्हता. ताईला बटाटा आवडत नव्हता. लहानपणापासून. कालवणातला बटाटा निवडून माझ्या ताटात टाकायची, आणि आईने बघितलं की म्हणायची, त्याला आवडतो. मी ते तिथेच सगळ्यांसमोर बोलून गेलो. कोणाला वास यायला नको म्हणून सहा वर्षं ती न आवडणारी भाजी, त्या खुराड्यात बसून, एकटी खात होती.

मॅडम स्प्रे हातात धरून तशाच उभ्या. मी डबा बंद केला, जिना उतरून खाली गेलो आणि पॉलिशच्या गाळ्यासमोर उभा राहिलो. तिथे मशीनचा आवाज एवढा असतो, की माणूस काय करतोय ते कोणाला ऐकू येत नाही.

घरी आईला विचारलं. ती म्हणाली, "माला म्हनायची, आये, हापिसात बटाटाच बरा हाय. मी रोज करून द्यायची. माला काय ठावं?" आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता आम्ही भिंत काढत होतो, तर हेतल मॅडम आपला डबा घेऊन केबिनमधून बाहेर आल्या. आजवर त्या केबिनमध्येच जेवायच्या. टेबलाच्या टोकाला, फोनशेजारी बसल्या.

"बुधवारे खिडकी उघडी ठेवायची," त्या डबा उघडत म्हणाल्या. "सुकट त्या बाजूला. मी या बाजूला."

*

आणि हा शेवटचा.

महिना पुरा व्हायला एक दिवस उरला होता. एकही फोन वाजत राहिला नव्हता. परब काका तर म्हणत होते, की आमच्या परळला असतास तर एव्हाना तुझा सत्कार झाला असता. त्या दिवशी राखण माझी होती.

भिंत काढली, डबे मांडले, श्वेता कालची वाक्यं वाचत होती. आणि दार उघडून मालाडचे साहेब आत आले. न सांगता. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पन्नाशीचा माणूस. अठरा क्युबिकल रिकामी. एका क्युबिकलची भिंत खोक्यांवर आडवी, आणि तिच्यावर भात सांडलेला.

ते नुसते उभे राहिले. श्वेताचं वाचन थांबलं. मला तेव्हा कळलं, की हेतल मॅडमनी मालाडला या जेवणाबद्दल काहीच कळवलं नव्हतं. महिनाभर रिपोर्टमध्ये आम्ही सगळे आपापल्या जागी बसून जेवत होतो.

साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, सर, ट्रायल आहे, माझी परमिशन आहे. साहेब म्हणाले, "आणि फोन?"

तेव्हाच फोन वाजला.

मी पहिल्याच रिंगला उचलला. मनात म्हटलं, आता दाखवतो. पलीकडे एक बाई. आवाज हसरा.

"मी वरसाव्याहून बोलतेय. जरा ज्योतीला द्या ना."

ताईला विचारणारे फोन अजून येतात. पण परब काकांनी सुरुवातीपासूनच ते आपल्याकडे घेतले होते. मला एकदाही घ्यावा लागला नव्हता. मी काही बोलायच्या आत बाई सांगायला लागल्या, की आमचं मशीन दोन वर्षांपूर्वी बिघडलं होतं, तेव्हापासूनची ओळख, ती अधूनमधून आपणहून फोन करायची, मुलीची चौकशी करायची. काल मुलीचं लग्न ठरलं. पहिलं ज्योतीला सांगायचं असं मुलीनेच सांगितलंय.

मला बोलता येईना. बाई म्हणाल्या, हॅलो? हॅलो? साहेब माझ्याकडे बघत होते. सगळे बघत होते. परब काका उठायला लागले, पण ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. एक महिना एकही फोन वाजत राहिला नाही, आणि शेवटी राखणवालाच फोन हातात धरून मुका.

हेतल मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांच्या बोटांना आमटी लागलेली होती.

"बोला बेन," त्या म्हणाल्या. मग सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या सरळ साहेबांकडेच बघत होत्या.

"ज्योती जेवायला बसलीय," मॅडम म्हणाल्या. "आम्ही सगळे साथेच बसतो. हां. सांगते ने. मुलीला आमचा आशीर्वाद."

त्यांनी फोन ठेवला. ताई गेल्याचं मालाडलाही माहीत होतं. खालच्या गाळ्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी एकेक करून सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग आडव्या भिंतीकडे, मग माझ्याकडे. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी खिशात टाकलं आणि शर्टाच्या बाह्या वर करायला लागले.

"हात कुठे धुवायचे?" त्यांनी विचारलं.